वीरकर बाईंचा ओढा

वीरकर बाईंबरोबर रस्त्याने जायचं म्हटलं की मला धडकीच भरायची. शाळेपासून आमच्या खोलीपर्यंतचं अंतर ते कितीसं, पण वाटेत ओढ्यावरचा पूल लागायचा, आणि पुलावर कुणी ना कुणी काहीतरी ओढ्यात टाकत असायचंच. कुणी घरचा केर, कुणी फाटकी गादी, कुणी मेलेलं कोंबडं. मी मान खाली घालून भराभर पुढे निघायची. पण बाईंची पावलं थांबल्याचं मागे न बघताच कळायचं, आणि मग तो घशातून खरवडून काढल्यासारखा आवाज यायचा, "ओ, थांबा. ते काय टाकलंत?"

पुढचं मला पाठ होतं. टाकणारा आधी हसायचा, मग म्हणायचा की सगळेच टाकतात. बाई म्हणायच्या की सगळ्यांचं सगळ्यांना विचारीन, आत्ता तुम्ही समोर आहात. मग आवाज चढायचे, सायकली थांबायच्या, आणि मी पुलाच्या पलीकडच्या टोकाला, या बाईशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करून उभी राहायची. भांडण संपलं की त्या शांतपणे माझ्याजवळ येऊन म्हणायच्या, "चल. संध्याकाळच्या भाजीचं काय करायचं?"

मी मूळची सांगलीची. बी.एड. झाले आणि लगेच कृष्णाकाठच्या या तालुक्याच्या गावी मुलींच्या हायस्कुलात मराठी शिकवायची नोकरी मिळाली. बहात्तरचा दुष्काळ नुकता कुठे सरला होता. एकट्या मुलीला खोली कोण देणार, म्हणून मुख्याध्यापिकांनी मला वीरकर बाईंच्या गळ्यात बांधलं, का त्यांना माझ्या, ते अजून ठरलेलं नाही. बाई भूगोल शिकवायच्या. वय चाळिशीच्या पुढचं, लग्न केलेलं नव्हतं. उंच, काटक, काळ्यासावळ्या. जाडंभरडं सुती पातळ, पायात पुरुषांसारखे कॅनव्हासचे बूट, आणि बारा महिने काखेत लांब दांड्याची छत्री. ती त्यांनी पावसात कमी आणि माणसांवर रोखायला जास्त वापरली.

त्या म्हसवडच्या. सगळा माण तालुका त्यांच्या बोलण्यात होता, फक्त तो नेहमी दिसायचा नाही. वर्गात त्यांचं मराठी अगदी शुद्ध. पण राग आला की आहे-नाही जाऊन हाय-न्हाई यायचं. मुलींना हे बरोबर माहीत होतं. बाईंच्या तोंडून पहिलं "न्हाई" बाहेर पडलं की अख्खा वर्ग वह्या उघडायचा.

घरात त्यांच्याबरोबर राहणं ही वेगळीच परीक्षा होती. अंघोळीला एक बादली, तीही गळ्यापर्यंत भरलेली नाही. तांदूळ धुतलेलं पाणी भांडी विसळायला, ते विसळलेलं तुळशीला. खरं तर आमच्या घरमालकिणीच्या अंगणात नळ होता आणि तो सकाळी धो धो वाहायचा. घरमालकीण काकू बादली भरून वाहत असतानाही शेजारणीशी गप्पा मारत उभ्या राहायच्या. बाई जायच्या, नळ बंद करायच्या आणि परत यायच्या. काकू पुन्हा सोडायच्या. हे रोज चालायचं. एकदा वैतागून मी म्हटलं, "बाई, कृष्णा इथं उशाला वाहतीये. एवढं कशाला जीवाला लावून घेता?"

त्या म्हणाल्या, "तुम्हा कृष्णाकाठच्या लोकांना पाणी फुकट मिळालं, तिथंच तुम्ही बिघडलात."

दुष्काळात त्यांच्या घरची माणसं, भाऊ-भावजय आणि म्हातारी आईसुद्धा, खडी फोडायच्या कामावर होती. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मुख्याध्यापिकांकडून कळलं. बाई त्या वर्षी सुट्टीत घरी जायच्या आणि परत आल्या की आठवडाभर कुणाशी बोलायच्या नाहीत.

आमच्या ओढ्याला सगळं गाव लेंडीओढा म्हणायचं. पूर्वेच्या डोंगरातून निघायचा, गावाच्या मधून जायचा आणि घाटाच्या खालच्या अंगाला कृष्णेला मिळायचा. बाई वर्गात कुणाला लेंडी म्हणू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, तुम्ही टाकता ते तुमचं, ओढ्याला का नावं ठेवता. एकदा त्यांनी आठवीचा वर्ग ओढ्याच्या काठाकाठाने थेट नदीपर्यंत चालत नेला. मुली चिखलाने बरबटून, परकर वर खोचून, हसत-खिदळत परत आल्या. मजा झाली असं मला वाटलं. पण त्या मुली घरी जाऊन आयांना केर टाकू देईनात. एकीने तर स्वतःच्या वडिलांनाच, त्यांच्या दूधडेअरीची घाण ओढ्यात सोडल्याबद्दल, जेवायला बसलेले असताना फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पालक शाळेत हजर. मुख्याध्यापिकांनी दोघा-तिघांना माझ्याकडे पाठवलं, कारण बाईंकडे पाठवलं असतं तर प्रकरण वाढलं असतं. सगळ्यांना समजावून समजावून माझा घसा बसला. बाई शेजारी बसून पेपर तपासत होत्या. सगळे गेल्यावर म्हणाल्या, "फार गोड बोलतेस तू. म्हणून कुणी ऐकत नाही."

पण खरा घोळ झाला तो वहिनीसाहेबांच्या देवांवरून.

वहिनीसाहेब म्हणजे आबासाहेबांच्या पत्नी. आबासाहेब आमचे नगराध्यक्ष, आणि शाळेच्या कमिटीवरही तेच. घरचा ऊस मोठा, माणूस दिलदार, हसतमुख. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. त्यांच्या घरात नवं देवघर झालं, तेव्हा वहिनीसाहेबांनी जुन्या तसबिरी घाटावर आणून, हळदकुंकू वाहून, हात जोडून नदीत सोडल्या. तसबिरी बुडाल्या, पण फुटल्या. दोन दिवसांनी आमच्या शाळेतली एक मुलगी पाण्यात उतरली आणि तिच्या टाचेत काच शिरली. रक्त थांबेना. बाईंनी आपल्या पदराची चिंधी फाडून बांधली, तिला दवाखान्यात पोचवलं आणि मग त्या पुन्हा घाटावर गेल्या. गुडघाभर पाण्यात उतरून सगळ्या चौकटी, काचा, भिजलेले देव त्यांनी वेचून काढले. मला निरोप आला तेव्हा त्या ओचा भरून आबासाहेबांच्या घराकडे निघाल्या होत्या. मी धावत मागे गेले. त्यांना अडवणं माझ्याच्यानं झालं नाही.

ओट्यावर पाहुणे बसलेले होते. बाईंनी सगळं तिथं ठेवलं आणि म्हणाल्या, "वहिनीसाहेब, तुमचे देव परत आलेत. एका पोरीच्या पायात काच गेली."

वहिनीसाहेबांचा चेहरा मी विसरलेली नाही. त्या रागावल्या नाहीत, एकदम रडायला लागल्या. त्यांना काय चुकलं तेच कळेना. देव कुठं पायदळी पडू नयेत म्हणून त्यांना ठाऊक असलेल्या सगळ्यात पवित्र जागी त्यांनी ते ठेवले होते. आणि ही बाई चारचौघांत ते लगद्यासारखे आणून टाकते. त्या क्षणी मला दोघींचाही राग आला. एकीला पोरीचा पाय दिसत नव्हता आणि दुसरीला समोरचं रडणारं माणूस. घरी येताना मी तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "रडून पाय बरा होत नाही." मी त्या रात्री त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

ओढ्याच्या खालच्या अंगाला, नदीला मिळायच्या जरा अलीकडे, बौद्धवस्ती होती. तिथली हिराबाई भाजीची पाटी घेऊन गावात फिरायची. अंगाने ठेंगणी, आवाज बाईंच्या तोडीस तोड. एका सकाळी हिराबाई वस्तीतल्या बायकांबरोबर ओढ्यात कपडे धूत होती आणि वीरकर बाई तिथं पोचल्या. साबणाचा फेस बघून त्यांनी सुरुवात केली. हिराबाईने सगळं ऐकून घेतलं, पिळलेलं लुगडं दगडावर ठेवलं आणि उभी राहिली.

"आवं बाई, वरच्या आळीची सगळी घान खाऊन ह्यो वढा आमच्या दारात येतोय. तितं कुनाला बोलला का? आमाला नळ न्हाई. तुमी नळाचं पानी पिता आन आमाला वढा सांभाळाया सांगता?"

वरच्या आळीत बाई रोजच बोलत होत्या, पण ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी छत्री खाली टेकवली. मग विचारलं, "प्यायला कुठनं आणता?"

"घाटावरनं. लोकं धुनी धुवायच्या आत. उशीर झाला तर ह्येच."

त्या दिवसापासून बाईंच्या डोक्यात वस्तीचा नळ शिरला. त्या नगरपालिकेत खेटे घालू लागल्या. खेटे कसले, छत्री घेऊन जायच्या आणि ओरडून यायच्या. कारकून मंडळी त्या दिसल्या की चहाला उठायची.

अशातच आबासाहेबांनी बालोद्यान जाहीर केलं. पुलाच्या खाली ओढा एक मोठं वळण घ्यायचा. तिथली जागा सखल, उंबर, करंज आणि जांभळीची दाट झाडी. पावसाळ्यात ओढा तिथं पसरायचा, एरवी म्हशी बसायच्या, पोरं जांभळं पाडायची, आणि कचऱ्याचा ढीगही तिथंच पडायचा. ठरलं असं, की ही जागा मुरूम टाकून भरायची, ओढा सिमेंटच्या नळ्यांमधून न्यायचा, आणि वर बाग करायची. घसरगुंडी, झोपाळे, कारंजं, सिमेंटचा हत्ती. सगळं गाव खूश झालं. खरं सांगायचं तर मीसुद्धा. त्या गावात संध्याकाळी बाईमाणसाला नुसतं जाऊन बसायला जागा नव्हती. देवळात जावं तरी चार जणी विचारायच्या, आज काय उपास का? एखादा बाक मिळेल, हिरवळ असेल, कुणी काही विचारणार नाही, एवढंच माझं स्वप्न होतं. आणि ओढ्यासाठी रोज भांडणाऱ्या बाई तरी खूश होतील, असं मला वाटलं.

बाईंनी बागेला विरोध केला.

गावाला वाटलं, बाईला वेड लागलं. मलाही तेच वाटलं. रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा मी विचारलं की आता चांगलं काही होतंय तर त्यात काय खुपतंय. त्यांनी पाट सरकवला, तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून जमिनीवर वळण काढलं आणि म्हणाल्या की ही जागा ओढ्याची बसायची जागा आहे. एरवी तो तिथं नसतो म्हणून ती रिकामी वाटते. डोंगरात मोठा पाऊस झाला की सगळं पाणी एकदम येतं आणि तिथं टेकतं. टेकायला जागा नाही मिळाली तर ते पुढे जाईल, आणि पुढे हिराची वस्ती आहे. "नळ्यांतनं मावायचं न्हाई गं," असं म्हणताना त्या एकदम म्हसवडच्या झाल्या. मला तेवढ्यापुरतं पटलं.

हेच त्यांनी सभेत सांगायला हवं होतं. नगरपालिकेच्या हॉलमध्ये गावातली झाडून सगळी माणसं जमली होती. आबासाहेबांनी मोठ्या मनाने बाईंना बोलायला उभं केलं. आणि बाईंनी काय करावं? वळणाचं, पाण्याचं, वस्तीचं राहिलं बाजूला. समोर बसलेल्या एकेकाकडे छत्री रोखून, कोण काय ओढ्यात टाकतो ते त्या सांगत सुटल्या. हा दवाखान्याचे बोळे टाकतो, हा खाटकाचं आतडं, हा डेअरीची घाण. माणसं आधी हसली, मग चुळबुळली, मग उठून जाऊ लागली. मी मागून खुणा करत होते, वळणाचं बोला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी मुद्द्यावर आल्या तेव्हा ऐकायला कुणी उरलं नव्हतं. आबासाहेब हसत म्हणाले, "बाई, पोरांच्या बागंला कोन न्हाई म्हनतं का? तुमी शिकलेल्या मानसांनी तरी आडवं येऊ नये." आणि टाळ्या पडल्या.

त्याच सभेत आबासाहेबांनी जाहीर केलं, की बागेच्या पाइपलाइनीतून बौद्धवस्तीला दोन नळ देऊ. त्यामुळे वस्तीही बागेच्या बाजूने झाली. होणारच. बाई दुसऱ्या दिवशी हिराबाईकडे गेल्या आणि मला बळेच बरोबर नेलं. त्यांनी पाण्याचा धोका नीट समजावून सांगितला, सभेत सांगायला हवा होता तसा. हिराबाई म्हणाली की पूर येईल तेव्हा येईल, तहान रोज लागते. मग म्हणाली, "तुमी आडवं आलात आन नळ गेला, तर आमी तुमाला काय म्हनायचं, तुमीच सांगा."

परत येताना बाई पुलावर थांबल्या. एक माणूस पलीकडे राखेची पाटी ओतत होता. त्या त्याला काही बोलल्या नाहीत. मला तेच जास्त भीतीदायक वाटलं.

त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, चल, आबासाहेबांकडे जाऊ. मला वाटलं पुन्हा ओट्यावर काहीतरी आदळणार. पण त्या सरळ माजघरात गेल्या, वहिनीसाहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी तसं करायला नको होतं. माफ करा." वहिनीसाहेब गडबडल्या. त्यांनी बाईंना खाली बसवलं, चहा केला. बाईंनी तो घोटाघोटाने संपवला. एरवी त्या कुणाच्या घरचा चहा घेत नसत. मग आबासाहेब आले, तेव्हा बाईंनी एकच मागितलं. बाग करायची तर करा, पण वस्तीचा नळ बागेसाठी थांबवू नका. तो आधी द्या. आबासाहेबांना हे इतकं अनपेक्षित होतं की ते लगेच हो म्हणाले. वहिनीसाहेबही मधे म्हणाल्या, "द्या की. प्यायच्या पान्याला कशाला उद्घाटन पायजे."

नळ आला. पहिल्या दिवशी हिराबाईने आम्हाला बोलावलं नाही, पण दोन दिवसांनी भाजीची पाटी घेऊन आमच्या दारात आली, मेथीच्या दोन जुड्या पायरीवर ठेवल्या आणि निघून गेली.

नंतर झाडं तोडली. बाई तेव्हा वर्गात शिकवत होत्या. कुऱ्हाडीचे आवाज शाळेत ऐकू येत होते. मुली सांगत की बाईंनी त्या दिवशी आफ्रिकेच्या नद्या शिकवल्या आणि एकदाही खिडकीकडे बघितलं नाही. उंबर जुना होता, त्याला वेळ लागला. मग मुरूम पडला, नळ्या बसल्या, हिरवळ लागली, हत्ती आला. उद्घाटनाला आम्हा शिक्षिकांना जावंच लागलं. मी पुढे कधीकधी संध्याकाळी त्या बाकावर जाऊन बसायची आणि मला बरं वाटायचं. बाई त्यावरून मला कधी टोमणा मारतील याची वाट बघत होते. त्यांनी मारला नाही. त्याचाही मला वैताग यायचा.

पावसाळा सरत आला. नवरात्राच्या आधीचा रविवार होता. आमच्याकडे ऊन होतं, पूर्वेच्या डोंगरावर तेवढं आभाळ काळं झालं होतं. दुपारची जेवणं झाली होती. बाई मागच्या दारी भांडी घासत होत्या. तिथून ओढा दिसायचा. त्यांनी मला हाक मारली. पाणी नेहमीएवढंच होतं, पण त्यावर वाळकं गवत, काटक्या, शेण, पालापाचोळा असा एक थर तरंगत येत होता आणि पाण्याचा रंग तांबडा व्हायला लागला होता. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. बाईंनी हातातलं भांडं तसंच ठेवलं, बूटही घातले नाहीत आणि त्या वस्तीकडे पळत सुटल्या. चाळिशी ओलांडलेली बाई भर गावातून अनवाणी पळते आहे, राखेने माखलेले हात, आणि मागे मी. लोक दारात येऊन बघत होते. मला अजून ती लाज आठवते.

हिराबाई दारात भाजी निवडत होती. बाईंना धाप लागली होती. त्या म्हणाल्या, सगळ्यांना उठव, पोरं-म्हातारी घे आणि शाळेत चल. हिराबाईने वर बघितलं.

"आभाळ तर कोरडं हाय, बाई."

"हिरा, मी माणची हाय. आमच्याकडं पानी असंच येतं, न सांगता. आधी काडीकचरा येतो, मागनं त्ये येतं. पोरं उचल."

हिराबाईने त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग ती उठली आणि तिने वस्तीभर अशी हाळी दिली की तिचा आवाज कुठवर जातो ते मला त्या दिवशी कळलं. माणसं कुरकुरत, शेळ्या ओढत, गाठोडी घेत निघाली. एक म्हातारा खाटेवरून उठेना, त्याला खाटेसकट उचलला. शाळा उंचावर होती, पण फाटकाला कुलूप, आणि शिपाई किल्ली घेऊन गावाला गेलेला. बाईंनी दगड उचलला आणि कुलूप फोडलं.

आम्ही आत शिरतोय तोवर आवाज आला. पाणी पुलाखालून बागेपर्यंत आलं, पण नळ्यांत जाईना. नळ्यांची तोंडं गावाने टाकलेल्या गाद्या, पाचट आणि चिंध्यांनी बुजली होती. ते क्षणभर थांबल्यासारखं झालं, मग हिरवळीवरून, झोपाळ्यांवरून, बाक उपटत, कंपाउंडची भिंत घेऊन थेट वस्तीवर गेलं. शाळेच्या व्हरांड्यातून सगळे बघत होते. मातीच्या भिंती एकेक करून बसत गेल्या. हिराबाई मोठ्याने आपल्या कोंबड्यांची नावं घेत होती.

माणूस एकही गेलं नाही.

संध्याकाळी पाणी ओसरल्यावर आबासाहेब शाळेत आले. चिखलातून चालत आले होते, चेहरा उतरलेला. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमचं खरं झालं." दुसऱ्या कुणाला त्या वाक्याने बरं वाटलं असतं. बाई म्हणाल्या, "खरं होऊन काय करू? हिराच्या कोंबड्या गेल्या." आणि त्या चूल मांडायला विटा गोळा करू लागल्या. वहिनीसाहेबांनी घरून पिठाची पोती पाठवली, स्वतःही आल्या आणि हिराबाईशेजारी बसून भाकरी थापू लागल्या.

वस्तीची माणसं शाळेत राहिली, पडवीत शेळ्या बांधल्या, वर्गात चुली पेटल्या. आणि मग, ज्याने माझं डोकं आजही तापतं, ते झालं. शाळेच्या कमिटीने वीरकर बाईंकडून खुलासा मागितला. कुणाच्या परवानगीने कुलूप तोडलं? वर्गात कुणाला राहू दिलं? वरवर चर्चा कुलपाची होती. पण एक सभासद बोलून गेले, की आता त्या खोल्या धुऊन घ्याव्या लागतील, आणि कुणीही त्यांना गप्प केलं नाही. आबासाहेब टेबलाकडे बघत राहिले. बाई म्हणाल्या, "कुलूप मी तोडलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तोडीन. आणि खोल्या आमच्या मुली रोज झाडतात, तुम्ही त्रास घेऊ नका." मी बाहेर उभी होते. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा, थोडं गोड बोलल्या असत्या तर.

त्यांची बदली झाली. संस्थेची एक शाळा माण तालुक्यात होती, तिकडे. शिक्षा म्हणून पाठवलं, पण त्यांना घरीच पाठवलं हे कमिटीला कळलं नसावं. एस.टी. स्टँडवर मी होते, पाच-सहा मुली होत्या, आणि उशिरा, पाटी डोक्यावर घेऊनच, हिराबाई आली. हिराबाई म्हणाली, "जाताय खऱ्या. आता भांडायचं कुनासंगं?" बाईंनी छत्री माझ्याकडे रोखली. हिराबाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली. "ही लय मऊ हाय."

नळ्या उकरून काढल्या गेल्या. वळण तसंच राहिलं, त्यात करंजाची रोपं आपोआप उगवली. वस्तीची घरं वरच्या जागेवर बांधून मिळाली, त्याला दोन वर्षं लागली. आणि पुलावरून गाव पुन्हा केर टाकू लागलं. पुराच्या पाण्याने भिजलेल्या गाद्याच सगळ्यात आधी टाकल्या, पुराच्याच आठवड्यात. इतका संताप मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आलेला नाही.

त्यानंतर चारेक वर्षांनी एका मैत्रिणीच्या लग्नाला मी म्हसवडला गेले. चैत्रातलं ऊन. लग्न लागल्यावर बाईंचं घर शोधत गेले. भावजयीने सांगितलं, नळाला कालपासून पाणी नाही, ताई नदीवर गेल्यात. मी विचारलं, नदी कुठं आहे? ती हसली.

नदी म्हणजे दोन काठांमधली रुंद, पांढरी, तापलेली वाळू. मधे ठिकठिकाणी बायकांनी झिरे उकरले होते. एका झिऱ्याच्या काठावर वीरकर बाई बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. शेजारी घागर, हातात नारळाची करवंटी. झिऱ्याच्या तळाशी तळहाताएवढं पाणी साचायचं, त्या करवंटीने ते अलगद उचलायच्या, घागरीत ओतायच्या आणि पुन्हा वाट बघायच्या. मागे बायका नंबराला बसल्या होत्या. कुणी घाई करत नव्हतं. बाईही कुणाला काही बोलत नव्हत्या. इतका निवांत त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

मी जवळ जाऊन हाक मारली. त्यांनी मान वर केली, ओळखलं, हसल्या. मी बोलायला तोंड उघडलं. केवढं सांगायचं होतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि पुन्हा वाळूकडे बघितलं.

"थांब जरा," म्हणाल्या. "येतंय."